चौसष्ट अक्षरं

"हे उलटं फिरवता येईल का हो?"
गेनोवाइतेबाईंनी कागद पुढे सरकवला.
चौसष्ट अक्षरं, शाळेच्या वळणाची,
प्रत्येक शून्याच्या पोटात तिरकी रेघ.
नवऱ्याचा संगणक घोंगडीत गुंडाळून आणला होता
क्लाइपेदाच्या बसमधून, मांडीवर,
आजारी मांजर आणावं तसा.

स्तेपोनास बंदरात क्रेन चालवायचा. बारा नंबरची.
निवृत्तीनंतर पुस्तकावरून प्रोग्रॅमिंग शिकला
आणि स्वतःपुरती एक वही बनवली, कुलपाची.
शब्द कुठेच लिहून ठेवला नाही त्यानं,
ठेवला तो फक्त शब्दाचा हॅश.
शहाणपणा केला.
मी मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"नाही फिरत," मी म्हणालो,
"पीठ झाल्यावर जात्यातून दाणा परत येत नाही."
पण हेही तितकंसं खरं नाही.
पिठाला निदान वास असतो,
गहू होता की बार्ली, ते कळतं.
इथे चार अक्षरं घाला की अख्खं बायबल,
बाहेर चौसष्टच.

"म्हणजे हरवलेलं नाही, आणि सापडणारही नाही," बाई म्हणाल्या.
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेलं. वाक्य नेमकं.

अंदाज करता येतो.
एकेक शब्द आपण दळायचा,
पीठ जुळतं का पाहायचं.
"आणि मीठ?" उग्नियुसनं विचारलं,
माझा मदतनीस, वय एकोणीस.
होतं. म्हाताऱ्यानं मीठही घातलेलं,
शब्दात कालवायची मूठभर निरर्थक अक्षरं,
कुणाचे आयते तक्ते लागू पडू नयेत म्हणून.
ते उघड्यावरच होतं, हॅशच्या शेजारी.
चाखून काही कळण्यासारखं नव्हतं.

आमच्या यंत्रानं नऊ दिवस, नऊ रात्री दळलं.
दर गुरुवारी बाई यादी घेऊन यायच्या:
होडीचं नाव, कुत्र्याचं नाव,
न जगलेल्या पहिल्या मुलीचं.
ते टाइप केल्यावर एंटर दाबायला मी जरा वेळ लावला.
जुळत नाही.
जवळ आलात, दूर गेलात,
असं ते कधी सांगत नाही.
एक टिंब चुकलं तरी चौसष्टच्या चौसष्ट निराळी,
जणू भलत्याच माणसाचा शब्द.

पाचव्या गुरुवारी यादीत एकच वाक्य होतं.
पाळी सुटायच्या वेळी त्या फोन करायच्या, रोज तेच:
येताना पाव आण.
काळा पाव. दुओना.
मी टाइप केलं.
जुळत नाही.

बाईंनी हातमोजे चढवले,
आणि दाराशी थांबल्या.
"तो तेल्शैकडचा. दौना म्हणायचा.
लग्नापासून सुधारत होते मी त्याला.
पोरांसमोरसुद्धा.
शेवटी शेवटी बरोबर म्हणायला लागला होता."
मग, हातमोज्याच्या बोटाशी खेळत,
"तसं... चुकीचं लिहून बघता?"

"चुकीचं कसलं," उग्नियुस पुटपुटला,
"माझा बाप अजून तसंच म्हणतो."
त्यानंच लिहिलं.

पडद्यावर दोन ओळी, एकीखाली एक.
यंत्रानं सांगून टाकलं होतं,
तरी मी नखानं एकेक अक्षर मोजत गेलो.
चौसष्ट.

वही उघडली. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.
"बंद करा. घरी मीच लिहीन तो शब्द."
घोंगडीची टोकं नीट खोचली,
पैसे किती झाले विचारलं,
पावती मागितली.

रात्री दुकान आवरताना उग्नियुस म्हणाला,
"फिरला की शेवटी उलटा!"
नाही रे. उलटं काहीच फिरलं नाही.
बाई सुलट्याच वाटेनं आल्या,
फक्त त्याच्या तोंडानं.

यादी माझ्याच टेबलावर राहिली होती.
दुओनावर लाल पेन्सिलीची फुली,
आणि समासात, सुवाच्य अक्षरात,
दौना.