जुलैची झोप

रात्रभर मी हॅलिफॅक्सचं रक्त मोजते.
सकाळी साडेआठला घरी येते, पडदे ओढते
आणि अकरा महिने चारपर्यंत मेल्यासारखी झोपते.
जुलैत मात्र गजर बाराचा.
फ्रान्समध्ये कुणीतरी घाम गाळत असतं, म्हणून
मी सोफ्यावर रजईत पाय घेऊन बसते.

सपाट रस्त्यांच्या दिवशी काहीच घडत नाही.
काहीच घडत नाही, ते चार-चार तास दाखवतात.
सूर्यफुलं. एक चर्च. कापलेल्या शेतात
ट्रॅक्टर गोल उभे करून केलेली अवाढव्य सायकल,
हेलिकॉप्टर तिच्यावर घिरट्या घालतं.
समालोचक कुठल्याशा किल्ल्याचा इतिहास सांगत असतो
आणि मध्येच ओरडतो, अरे, पडले!

मला सायकल येते ती एवढीच:
इचलकरंजी, मुल्लाणींचं दुकान, तासाला आठ आणे,
दांड्याखालून पाय घालून, वाकडी,
घंटी नव्हती म्हणून तोंडानेच ट्रिंग ट्रिंग.

शेजारचे ऑलरेनशॉ येतात, वय एक्याऐंशी,
खुब्यात पोलाद, हातात लोणी लावलेला माल्टचा पाव.
तरुणपणी रविवारी पहाटे घड्याळाशी शर्यत लावायचे.
दुसऱ्याच्या पाठीमागे वाऱ्यापासून लपणं
हा गुन्हा नाही, धंदा आहे,
हे त्यांनीच मला शिकवलं.
आम्ही दुसरं काही बोलत नाही.
त्यांची बायको गेली त्या वर्षीही नाही बोललो.

आधी माझा खेळाडू वेगळा होता. पिवळ्या शर्टातला.
एका मंगळवारी त्याचं रक्त बाहेर आलं,
म्हणजे कागदावर.
मला त्याचा राग नाही आला, माझा आला.
ती अख्खी चढण तो तोंड मिटून चढला होता.
रात्री जे मी यंत्राशिवाय ओळखते,
नळी तिरकी केली की सुस्त, मधासारखं सरकणारं,
ते दुपारी डोळ्यांसमोर होतं
आणि मी टाळ्या वाजवत होते.

मग चार जुलै मी झोपले.
ऑलरेनशॉ दाराच्या फटीतून रोज एक चिठ्ठी टाकायचे.
कोण जिंकलं ते त्यात नसायचं.
वारा कुठून होता, एवढंच.
वायव्येकडून. आडवा. दुपारनंतर पडला.

आता माझा एकशे चौसष्ट नंबर.
त्याचं आडनाव तीन समालोचक तीन तऱ्हेने उच्चारतात.
तो मागे गाडीपाशी जातो,
शर्टाच्या पाठीत आठ बाटल्या कोंबतो
आणि कुबड काढून पुन्हा सगळ्यांना गाठतो.
कॅमेरा त्याला चार सेकंद देतो.
मी त्या चार सेकंदांसाठी झोप मोडते.
तो तोंड उघडं टाकून चढतो,
लाळ, शेंबूड, सगळं दिसतं.
हा पुरावा नव्हे, मला कळतं.
पोट तसं चालवत नाही मी, ऊर चालवते.

काल डोंगर होता.
जिंकणारा पोचला, त्याला फुलं मिळाली, पापे मिळाले.
एकशे चौसष्ट अजून धुक्यात, पस्तीस मिनिटं मागे,
आणि त्या वेळेनंतर पोचणाऱ्याला
दुसऱ्या दिवशी सायकल देत नाहीत.
कोपऱ्यातले आकडे पळत होते.
ऑलरेनशॉंचा पाव हातातच राहिला.
एवढ्यात वाहिनीवर
जुन्या चहादाण्यांचा लिलाव सुरू झाला.

रात्री मोबाईल खिशात होता. पाहिला नाही.
एकशे बारा नळ्या फिरवल्या,
सगळ्या हॅलिफॅक्सच्या, पातळ, प्रामाणिक,
एक-दोन फारच थकलेल्या.

सकाळी पायपुसण्यावर चिठ्ठी.
वारा समोरून.
खाली पेन्सिलीने, कापऱ्या अक्षरात: आठ सेकंद.
अलीकडे की पलीकडे, ते लिहिलं नव्हतं.

एक बूट पायात तसाच.
गजर बाराचा लावला.