गारठोबा

फॉर्मवर लिहिलं होतं:
हवं — शिंगं, शेवाळ, घंटा, रात्र.
नको — रक्त. आणि ते गोंडस मोठे डोळे.
खाली नाव साना, गाव ओउलु.
माझ्या मनातल्या देशाला देव नाहीये, तिनं लिहिलं,
तू दे. नावही तूच ठेव.
फक्त तो बर्फावरून गेलेला दिसू दे.

बर्फ मी पाहिलाय तो इतवारीत,
भुशात पुरलेला,
हातगाडीवरून गळत गळत
गिऱ्हाइकापर्यंत निम्मा होणारा.

मे महिना. सत्तेचाळीस.
कूलरच्या ताट्या वाळून खडखडतायत
आणि चितार ओळीतल्या माडीवर
टॅबलेटखाली ओला पंचा घालून
मी थंडीचा देव काढतेय,
बदल्यात कुणीतरी
मलाही एक काढून देणार म्हणून.

आधी लांडगा काढला.
तो गांधीबागेतल्या कुत्र्यावर गेला:
एक कान फाटका, जीभ बाहेर,
उभ्या टेम्पोखाली जागा शोधणारा.
खोडला. कान तेवढा ठेवला.

मग सांबर.
शिंगं जमली, सात फाटे,
पण चेहऱ्यावर तोच भाव उतरला
जो उमरेड रोडवर एकदा
ट्रकच्या उजेडात पाहिला होता.
अशाकडे काय मागायचं?
शिंगं कापून बाजूच्या लेयरवर नेली.

तिसऱ्या रात्री खवल्या मांजर आलं.
न बोलावता, पाठ गोल करून,
अंगावर जुन्या कौलांसारखे खवले.
कौलांवर शेवाळ धरतंच.
त्याला शिंगं दिली, तो कान दिला,
गळ्यात घुंगुरमाळ.
उभं राहिलं.
आणि उभंच राहिलं.
पाय म्हणून जे जे काढलं
ते बर्फात रुतत गेलं.

शेषरावकाका चहा घेऊन वर आले.
खाली ते लाकडी बैल रंगवतात,
तान्ह्या पोळ्याला तीन महिने आहेत अजून,
बोटं आत्तापासून पिवळी.
"हे काय होय वं?"
देव.
"कोनाचा?"
एका बाईचा. लांबची आहे. मी ओळखत नाही तिला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीनला हात न लावता
हवेतच त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.
"बरा हाय. पन पोरी,
जनावरच देव असन,
तं मंग त्याचं वाहन कोन?"

चहा संपला. ते गेले.
जिन्यात त्यांचा गुडघा वाजला, नेहमीच्या पायरीवर.

रात्री लाइट गेली.
पाणी प्यायला खाली उतरले तर
अंधारात ओळीनं बैल,
बिनडोळ्यांचे, आखणी व्हायची होती,
प्रत्येकाच्या पायाखाली पाट, पाटाला चाकं,
आणि नाकासमोर एक एक सुतळी
जमिनीवर सैल पडलेली,
कुणाच्या तरी पोराची वाट बघत.

पहाटेपर्यंत चाकं काढली.
लाकडी, किंचित वाकडी,
एक जरा लहानच झालं, राहू दिलं.
बर्फावर पावलं नाहीत,
दोन रेघा आहेत मागे लांबवर,
आणि पुढे गळ्यापासून निघालेली सुतळी
चित्राच्या कडेपर्यंत, ताणलेली.
कडेपलीकडे कोण, ते काढलं नाही.

डोळे सगळ्यात शेवटी. बारीक. झोपेतून उठवल्यासारखे.
नाव ठेवलं गारठोबा.
तिला म्हणता यायचं नाही,
तिच्या भाषेत ठ कुठून आणणार?

उत्तर लगेच आलं.
चित्र तिनं मोठं करून पाहिलं असणार, कारण लिहिलंय,
डाव्या कडेला मी आत्ता
अंगठा धरून बसलेय.

माझा देव अजून यायचाय.
माझ्या फॉर्मवर एकच शब्द होता: सावली.
साना म्हणते, चार दिवस झाले, जमत नाहीये,
तुमच्याकडे दुपारी सावलीचा
नेमका रंग कोणता असतो?

काकांना विचारलं.
एका बैलाची वशिंड अर्धी पिवळी झाली होती.
ब्रश थांबला नाही.
"सांगतो," म्हणाले,
"पह्यले पानी पी."