कर्ता

मंगळवारी साडेपाचला वॉटरबरीत अंधार झालेला असतो.
कोर्टामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
मी अकरा खुर्च्या मांडते.
गोल नाही. गोलात बसवलं
की माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत राहतात.

पहिल्या दिवशी एक कागद:
काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा.
सात ओळी आखलेल्या.
कुणालाच सात लागत नाहीत.

छपरं शाकारणारा स्केंदर लिहितो,
भांडण झालं. पेला फुटला. तिला लागलं.
शाळेची पिवळी बस चालवणारा एफ्राईन,
राग आला. तोल गेला. हात उठला.
व्हर्नेल, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी,
दार लागलं. बोटं मध्ये होती.
कुणाची, ते लिहीत नाही.

वाचताना वाटतं, त्या रात्री घरात कुणी नव्हतंच.
पेला आपला आपण उडाला,
राग न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा
आला, बसला, गेला.
फक्त शेवटच्या ओळीत एकदम माणसं:
तिनं पोलिसांना फोन केला.
पोलिसांनी मला नेलं.

मी फळ्यावर दोन शब्द लिहिते.
फुटला.
फोडला.
मागून कुणीतरी हसतं,
बाई, आम्ही इथे व्याकरण शिकायला आलोय का?
हो, म्हणते.

ते आलेत वकिलानं सांगितलं म्हणून:
नऊ मंगळवार बसा, खटला निघून जाईल.
निघून जाईल. तोही आपोआप.
या गावातल्या पितळेच्या गिरण्याही
‘बंद पडल्या’ म्हणतात,
माझ्या वडिलांना कुणी काढलं ते कुणी सांगत नाही.
म्हणजे ही सवय मला नवी नाही.

तिसऱ्या आठवड्यात हीटर बिघडला, सगळे कोट घालून बसले.
चौथ्यात एफ्राईन म्हणाला,
घरात कर्ता पुरुष मी. माझ्याशिवाय पान हलत नाही.
मी म्हटलं, मग हात कुणाशिवाय हलला?
पुढच्या मंगळवारी तो आला नाही.
त्याच्या पुढच्या मंगळवारी आला,
टोपीवरचा बर्फ न झटकता दाराजवळ बसला.

सहाव्यात स्केंदर, कुणी न विचारता:
घरी आता प्लास्टिकचे पेले आहेत.
कुणी आणले?
तिनं.
हे तो पटकन म्हणाला.
मग बराच वेळ
दिव्याची नळी तेवढी गुणगुणत होती.

नवव्या दिवशी पुन्हा तोच कागद.
एफ्राईननं सातही ओळी भरल्या, पान उलटलं.
मी हात उचलला. मी तिला ढकललं.
मुलगा बघतोय हे मला दिसत होतं.
प्रत्येक क्रियापद धन्यासकट.
अक्षर सुबक. एकही खाडाखोड नाही.
वाक्यं फळ्यावरच्या माझ्या वाक्यांसारखी,
त्याच क्रमानं. फक्त मुलाचं वाक्य
फळ्यावर कधीच नव्हतं.

स्केंदरनं लिहिलं, मी.
खोडलं. पुन्हा मी.
सव्वासातला कागद मागितला तेव्हा
‘मी’च्या पुढे बोटभर भोक होतं,
त्यातून टेबल दिसत होतं.

यातलं खरं कुठलं, मला कळत नाही.
बावीस वर्षं झाली, अजून कळत नाही.
व्हर्नेलनं कागद कोराच ठेवला
आणि जाताना माझा हात धरला,
तिची बोटं थंड, जोर जरा जास्तच.

दाखल्यांवर सह्या झाल्या. तिघांच्याही.

झाल्या नाहीत.
मी केल्या.
निळ्या शाईनं, फॉर्मवर सांगितलंय तशा,
आणि खुर्च्या भिंतीला लावून
दिवा मालवला. मीच.