दोन ते आठ अंश

पत्र आलं तेव्हा मी गोमाजी लांजेवारांची पट्टी कापत होते.
पंधराची पट्टी, त्यांना पायजेत सात.
"बाकीच्या पुढच्या बाजारी नेतो जी."
सात वर्षांत कात्रीनं एवढंच शिकवलं :
मुदत छापलेली बाजू आपल्याकडे ठेवायची.

पत्रात होतं,
स्वस्त औषधी केंद्रांचं प्रोत्साहन अनुदान
चालू तिमाहीपासून बंद.
खाली सही, सहीखाली पदनाम,
आणि गोल शिक्का, अर्धाच उमटलेला,
शाई संपत आल्यावर उमटतो तसा.
तिकडंही काहीतरी संपत आलं असावं.

महिन्याचे नऊ हजार चारशे.
त्यात भाडं, त्यात पोराची फी,
त्यात मुख्य म्हणजे फ्रीज.
फ्रीजमध्ये दिघोरीतल्या अकरा जणांचं इन्सुलिन,
दोन ते आठ अंशांत,
ना गोठायचं, ना कोमट व्हायचं.
एवढ्याशा फटीत अकरा माणसं जगतात.

नवरा म्हणाला, दुकान लाखांदुरात नेऊ.
भाऊ म्हणाला, गोरं व्हायची क्रीम ठेव,
औषधात काही उरत नाही, क्रीममध्ये उरते.
ठेवली. खोटं कशाला बोलू.
सहा ट्यूबा. दोन खपल्या.
एक मीच लावून पाहिली.

रात्री वही काढली. उधारीची नाही, दुसरी,
जिच्यात कोण काय घेतं ते लिहिते.
कापगत्यांची सून : सिकलसेल, रोज एक कॅप्सूल.
उईक्यांचा सातवीतला : फिटची गोळी, एकही चुकवायची नाही.
आणि खोकल्याची अठरा औषधं,
आत तेच, वर अठरा नावं.
सोळा परत पाठवली.
कपाट एकदम रुंद झालं,
पाहुणे गेल्यावर घर होतं तसं.

मग फोन. अड्याळला रजनी मांढरे, आसगावला शबाना,
डी. फार्मला आम्ही एकाच बाकावर.
दोघींनाही तेच पत्र, तोच अर्धा शिक्का.
ठरलं : तिघींची एक ऑर्डर, नागपूरहून एकच खोका.
"हमाली एकदाच," रजनी म्हणाली,
"आन् रडणं बी एकदाच करून टाकू."
केलं. फोन कानाला, तिघी तीन गावांत.
शबानाचं मूल मध्येच हसत होतं.

राहिला फ्रीज.
भिंतीपलीकडे दूध संकलन केंद्र,
त्याच्या पत्र्यावर सौर पाट्या,
सकाळचं दूध गेलं की दिवसभर उगाच तापणाऱ्या.
खुशाल भेंडारकरला विचारलं.
त्यानं टोपी मागं सारली, पाट्यांकडे पाहिलं,
जणू त्या आताच कोणी आणून बसवल्या.
"न्या ना ताई. फक्त मायचा बीपी पाहत जा."
भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली.
रात्री माझी वीज, दिवसा त्याचा सूर्य.
बीपी मी पाहते. वायरचं भाडंही देते.
तो घेत नाही, मी खोबऱ्याच्या तेलाच्या बाटलीखाली ठेवते,
तो बाटली उचलत नाही.

भागतं का? नाही भागत.
मागच्या महिन्यात अकराशे कमी पडले.
त्याच्या मागच्या महिन्यात चार हजार.
पत्राच्या कोऱ्या पाठीवर आता रकाने आखलेत :
सकाळ चार, दुपार पाच, संध्याकाळ सहा.
सरकारी कागद चांगला असतो, शाई फुटत नाही.

आज बाजार.
लसूण, लाखोळीची डाळ, चुलबंदचे झिंगे,
आणि माझ्या दारात चपलांचा ढीग.
गोमाजी नाहीत.
मागच्या बाजारीही नव्हते.
त्यांच्या आठ गोळ्या कात्रीच्या खणात,
मुदत माझ्याकडे.

त्यांच्या टोलीपर्यंत साडेचार किलोमीटर.
हे अनुदानात कधी नव्हतंच,
म्हणून कोणाला बंदही करता आलं नाही.
शटर पाऊण ओढलं,
थर्मामीटर पाहिला,
सहा.
स्कुटी एका किकमध्ये लागत नाही.
दुसऱ्या किकमध्येही नाही.