आवाजाची जागा

पान सात, चौकट तीन.
तरन्नुमनं हातोडा हवेत थांबवलाय,
खाली तांब्याचा हंडा, अजून गुळगुळीत,
आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर पांढरं
माझ्यासाठी.
तिथं आवाज लिहायचाय.

'ठण्' लिहिलं. म्हणाली, ही शाळेची घंटा.
'टण्' लिहिलं. हे तर नाणं पडलं फरशीवर.
काना देऊन पाहिलं, तर 'ठाण' वाचून
तिला भद्रकालीचे पोलीस आठवले.
शेवटी टिंब मी इतक्या रागानं दाबलं
की कागदच फाटला.

म्हणून भर दुपारी तांबट लेन. वहीसकट.
निम्म्या दुकानांत आता स्टील.
यादवकाका मात्र मठारत बसलेले.
मी कान लावला.
खरं सांगतो, ठोक्यात व्यंजन नसतंच.
आधी एक काळा ठिपका, मग नुसता स्वर;
तो गल्लीच्या तोंडापर्यंत जातो,
रिक्षाच्या हॉर्नला धडकून माघारी येतो,
तोवर दुसरा.
बाराखडीत याला घर नाही.

काका, हा लिहाल कसा?
त्यांनी कानामागं हात धरला. काय?
पन्नास वर्षं ठोकून त्यांचं ऐकणं
लोकांच्या हंड्यांबरोबर घरोघर गेलेलं.
सून ओरडून सांगू लागली.
मी पानच पुढं केलं.

त्यांनी बोट ठेवलं, नखात तांबं,
चौकट तीनवर. हातोडा वर.
मग बोट सरकलं चौकट चारवर:
हंड्यावर पहिला मठार,
पत्र्यावरची कबुतरं उडालेली.
आणि सरकताना, मधल्या त्या
रेघभर कोऱ्या पट्टीत,
जिथं तिनं काही काढलं नाही, मी काही लिहिलं नाही,
काकांची पापणी लवली.

"डावा अंगठा आत घे म्हणावं पोरीला," म्हणाले,
"असा ठेवला तर जाईल."

संध्याकाळी तिनं अंगठा आत घेतला.
मी कोपरा कोरा ठेवला.

(पान नऊवर मात्र हंडा मोडीत घालणारी बाई
छान हसतेय, दात दिसतायत,
आणि फुग्यात माझे चार शब्द:
'घरात जागाच नव्हती हो.'
तरन्नुम बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, हे मला काढता आलं नसतं.)

आता छापखान्यातून फोन:
पान सातवर काही राहिलंय का?
हो, म्हटलं.
राहू द्या.