चालु, चालू

आमच्यात हा शब्द दोनदा येतो.
आईच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे,
भात वाढताना ताटावर आडवा धरलेला हात.
मराठीत चालू म्हणजे चालू:
मशीन चालू, दिवे चालू, सीझन चालू.
शाळेच्या वहीत मी ऱ्हस्व काढला होता.
बाईंनी लाल पेनानं दीर्घ करून दिला,
पुढं बावीस वर्षं मी तसाच गिरवला.

आई विड्या वळायची.
हजार झाल्याशिवाय मांडीवरचं सूप खाली नाही.
कारखान्यात मुकादम छाट काढायचा,
मूठ-मूठ बाजूला, त्याचे पैसे नाहीत.
त्याला ती कधी चालु म्हणाली नाही.
तो शब्द तिनं फक्त स्वतःच्या ताटापुरता ठेवला होता.

मी विडीला हात लावला नाही. शिलाईत गेले.
अशोक चौकाच्या आत, पत्र्याखाली, शाळेचे गणवेश.
एप्रिल, मे, वरून बेचाळीस अंश,
कॉलरीमागून कॉलर, कॉलरीमागून कॉलर,
कुठल्या गावच्या, कुठल्या मानेच्या, माहीत नाही.
माझी मान मात्र उजवीकडं वळेना झाली.
रिक्षातून घरकुलाकडं परतताना
मला डावीकडचंच सोलापूर दिसायचं.

सिव्हिलमधली डॉक्टरीण, माझ्या पोराएवढी,
गोळ्या लिहिता लिहिता थांबली.
म्हणाली, मशीन किती उंच आहे तुमचं?
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या पायांखाली चार विटा.
हसले सगळे. राजमणीनं मखर मांडलं म्हणाले.
जैतुनबी सगळ्यात जास्त हसली
आणि शनिवारी हळूच विचारलं,
कुठनं आणल्या गं?
महिन्याभरात शेजारच्या बांधकामावरचा वॉचमन
आमच्याकडं संशयानं बघायला लागला.

अजून एक आहे. सांगू का नको, बारीक गोष्ट आहे.
खिशाच्या कोपऱ्याला मी एक आडवा टाका जास्त घेते.
त्याचे पैसे नाहीत. पाच सेकंद जातात.
पेंटप्पाशेठनं एकदा उभ्या उभ्या गुणाकार केला,
पाच सेकंद, सहाशे खिसे.
म्हटलं, तेवढी वेळ माझी राहू द्या.
मग सात रस्त्याला एक पोरगं दिसलं,
खिशात कोंबून भरलेल्या शेंगा,
बसमागं पळतंय, खिसा लोंबतोय,
आणि कोपरा धरून आहे.
टाका ओळखू येतो. अक्षर येतं तसा.
त्या दिवशी मी घरी काही सांगितलं नाही.
तुरीच्या वरणाला फोडणी दिली, जरा जास्तच लसूण घातला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेठ म्हणाले,
रात्रीचं चालू ठेवा, डबल रेट.
दोन रात्री थांबले. खोटं कशाला बोलू,
पोराची आयटीआयची फी होती.
तिसऱ्या रात्री त्यांनी पुढ्यात आणखी एक ढीग ठेवला,
निळा, चौकडीचा, मांडीपर्यंत आलेला,
आणि माझा हात आपोआप त्याच्यावर आडवा गेला.
चालु, म्हटलं.

शेठही घरी तेलुगूच.
ऱ्हस्व त्यांना बरोबर ऐकू आला.
बघत राहिले हाताकडं,
कुणाचा तरी दुसराच हात आठवल्यासारखं.
बोलले काहीच नाहीत. दिवेही बंद केले नाहीत.
मी चप्पल शोधली.

रिक्षात उजवीकडं बसले, मुद्दाम.
उजवीकडं एक टायरचं दुकान झालंय,
एक कडक भाकरीचं, बोर्डाचा रंगही जुना झालेला.
कधी झालं हे सगळं?

साडेनऊला घरात पाय ठेवला तर आई दचकली,
काय गं, काम सुटलं का?
नाही म्हटलं, वाढ.
ती वाढत गेली, एक डाव, दोन डाव,
तिसऱ्याला माझ्याकडं बघून थांबली.
मी हात आडवा धरला नाही.