डबल बेल

शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत, चिकूच्या झाडाखाली
साळवे अंकलनी ताडपत्री ओढली
आणि आधी धूळ उभी राहिली, मग गाडी.
पंच्याऐंशीची टोयोटा. दोन दारं, दोन सीट.
जहाजावर चीफ इंजिनिअर होते ते.
योकोहामात घेतली, म्हणाले, एका शिक्षकाकडून,
त्याला मूल होणार होतं.

स्टिअरिंग उजवीकडेच.
एवढ्या लांबून आली
आणि बाजू बदलावी लागली नाही तिला.

मी तेवीस वर्षांची, अंबडला, क्वालिटीत.
दिवसभर व्हर्निअर घेऊन दुसऱ्यांच्या चुका मोजते.
इथे चाकाच्या कमानीत बोट घातलं
तर गंजातून आरपार गेलं.
तरी नीट घासाघीस केली नाही.
पाच लाख ऐंशी: चार वर्षांचा ओव्हरटाइम
आणि आत्याने माझ्या लग्नासाठी ठेवलेली एक एफडी,
जिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

विमेवाल्याने वय विचारलं, हसला.
गाडीचं वय विचारलं, पुन्हा हसला.
"थर्ड पार्टी देतो. म्हणजे तुम्ही कुणाला उडवलंत तर.
तुमचं तुम्ही बघा."
पेठ रोडच्या आरटीओत
चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली,
लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.
सिंह नाही उमटला. सतरा अक्षरं उमटली, पुसट.

रेडिओ नव्वदच्या पुढे जातच नाही.
त्यांची स्टेशनं तिथे संपतात,
आपली तिथून पुढे सुरू होतात.
त्या खरखरीत मी गंगापूर रोडने घरी येते,
गतिरोधकावर तिरकी, पोट सांभाळत,
गाभण शेळी ओढा ओलांडते तशी.
डावा हेडलाइट उशिरा उठायचा.
आतला नायलॉनचा गिअर झिजलेला.
बोरस्तेने लंच टाइममध्ये पितळेचा काढून दिला.
मीच तो मोजला, मीच पास केला.

वडील तीन दिवस बोलले नाहीत.
एसटीत एकतीस वर्षं काढली त्यांनी, नाशिक–सुरगाणा.
चौथ्या दिवशी चपलेने टायर ठोकला,
गुडघा धरून, वाकून आत बसले.
"दोनच सीट? आणि तुझी आई?"
आई गॅलरीतून म्हणाली, मला नकोच.
"इंजिन कुठंय?"
पाठीमागे, म्हटलं.
"आमचं डाव्या मांडीला तापायचं,"
म्हणाले, आणि सावकाश पाठ टेकवली,
शेकायला टेकवावी तशी.

ओझरच्या पुलावर रस्ता मोकळा झाला.
एकशे पाचला डॅशबोर्डमध्ये काहीतरी वाजलं:
किण-कोण. किण-कोण.
बारीक, कपाटातल्या कपबश्या हलाव्यात तसं.
अंकलनी सांगितलं होतं,
तिकडचा तेव्हाचा कायदा,
वेग वाढला की गाडीच हटकते.
वडिलांचा उजवा पाय पायपुसण्यावर सरकला.
ब्रेकच्या जागी असेल, वाटलं.
ॲक्सिलरेटरच्या जागी होता.
"डबल बेल," म्हणाले, समोर बघत. "जाऊ दे."

मीच पाय उचलला. शंभर. अठ्ठ्याण्णव.
घंटा थांबली.
द्राक्षांचे मांडव सरकत राहिले, एकामागून एक,
आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
पिंपळगावच्या टोलच्या अलीकडे म्हणाले,
"कंडक्टर उतरला वाटतं."